रिठापरी आणि आसरांचा डोह

सोनकीच्या आईचे हात सकाळी उघडत नसत.

मिटलेली मूठ पहाटे तशीच घट्ट राही. मग आई चुलीवरच्या पाण्याच्या वाफेवर हात धरी आणि एकेक बोट हळूहळू सोडवे. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं. प्रत्येक बोटाला ती म्हणे, "हं, ऊठ गं बाई, उन्हं आली!" जणू ती तिची पाच आळशी लेकरंच. सोनकी शेजारी बसून खुदकन हसे. पण तिला दिसायचं. आईच्या पेरापेरांवर भेगा होत्या आणि भेगांतून डाळिंबाच्या दाण्यांसारखे इवले लाल थेंब वर येत होते.

आईचं नाव हौसा. डोंगराच्या कुशीतल्या कळकवाडीची ती परटीण. तिच्या झोपडीत तिघीच राहायच्या: आई, आठ वर्षांची सोनकी आणि सात महिन्यांची गुबगुबीत ठमी. वाडीभरचं धुणं आईच्या हाताखालून जाई आणि बगळ्याच्या पिसासारखं होऊन परत येई.

हे हात पूर्वी असे नव्हते. गेल्या वर्षी वाडीत एक पांढरी पावडर आली. मूठभर टाकली की घमेलं भरून फेस! डाग पळाले, पण हातांची सालही निघाली. ओढ्याच्या पाण्यावर पांढरी साय धरली आणि ओढ्यातले चिमुकले मासे एकेक करून नाहीसे झाले. उरले ते फक्त आसरांच्या डोहात. तो डोह ओढ्यापासून बाजूला, खडकांच्या कोंदणात होता. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात देवता. त्यांच्या डोहात कुणी धुणं धूत नसे, म्हणून तेवढे मासे वाचले होते.

सगळ्यात वाईट गोष्ट तर वेगळीच होती. आईने जवळ घेतलं की ठमी किंचाळायची. भेगाळलेली बोटं तिच्या मऊ गालावर ओरखडे काढत. म्हणून आई तिला पदरात गुंडाळून उचले. उघड्या हाताने कधीच नाही.

"सोने, ठमीचा गाल हाताला कसा लागतो गं?" आईने एकदा विचारलं.

"लोण्यासारखा."

"हं," आई म्हणाली. "विसरलेच होते बघ मी."

एके दिवशी सकाळीच भिवराआत्या आली. शेजारच्या घरातली ही आत्या अंगाने आडवी आणि जिभेने उभी. तिने डोक्यावरचं भलंमोठं गाठोडं अंगणात धप्पकन टाकलं.

"हौसे, उद्या जत्रा! वाडीभरची लुगडी-धोतरं आहेत. दिवस मावळायच्या आत सगळी धुऊन, वाळवून दे. आणि ही घे पावडर. दुप्पट टाक, म्हणजे देवीलासुद्धा डोळे मिटावे लागतील!"

"देते की," आई म्हणाली. तिने हात पदराखाली लपवले होते.

आत्या गेली. सोनकीला कालचं बोलणं आठवलं. कालच आलेला वैदू आईचे हात बघून म्हणाला होता, "आणखी एकदा हे हात त्या पावडरीत गेले, की मूठ मिटेल ती कायमची. मग कसली वाफ आणि कसलं काय!" आईला वाटलं होतं, सोनकीने ऐकलं नाही. सोनकीने सगळं ऐकलं होतं.

आईने पावडरीचा डबा उघडला.

"आई, थांब!" सोनकीने डबा ओढला आणि पाठीमागे लपवला. "आपले केस शिकेकाईने निघतात की नाही? मग कपडे का निघणार नाहीत? मी रानातून आणते. उन्हं समोरच्या कातळावर येईपर्यंत तू हात पाण्यात घालायचा नाहीस. शपथ घे!"

"अगं, एवढं गाठोडं..."

"शपथ घे!"

आईने लेकीच्या डोळ्यांत पाहिलं आणि मान हलवली.

सोनकी पळत सुटली. करवंदीच्या जाळ्या परकराला ओढत होत्या, पायांत काटे मोडत होते. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शिकेकाईची एकही शेंग दिसेना! उन्हाची सोनेरी रेघ डोंगरावरून भराभर खाली उतरत होती. कातळ आता फार दूर नव्हता.

तेवढ्यात तिला रडणं ऐकू आलं. इतकं बारीक, की एखादी चिमणी स्वप्नात रडत असावी.

समोर रिठ्याचं मोठं झाड होतं. त्याच्या मुळाशी, सुकलेल्या पानावर, सोनकीच्या अंगठ्याएवढी एक परी पडली होती. तिचा झगा मधाच्या रंगाचा आणि आरपार दिसणारा. गळ्यात काळ्याभोर, चकचकीत, मोहरीएवढ्या मण्यांची माळ. पण तिचे पंख? पंखांवर पांढरा, कडक थर बसला होता. हलवायला गेली की ते करकरत.

सोनकीने तो थर ओळखला. असाच थर तिच्या आईच्या घमेल्याच्या काठाला बसायचा.

"तू ओढ्यावर आंघोळीला गेली होतीस का गं?" तिने हळूच विचारलं.

"रोज जाते," परी हुंदका देत म्हणाली. "आज पंख उघडतच नाहीत. आणि उन्हं माझ्या झाडाच्या शेंड्यावरून जायच्या आत मी उडाले नाही, तर मी याच पानासारखी सुकून जाईन."

सोनकीचा चेहरा लालेलाल झाला. "ते पाणी आमच्याच घाटावरून येतं," ती म्हणाली. तिला घरी परतायची घाई होती. कातळ, शपथ, आईचे हात! तरीही ती खाली बसली. परकराची सगळ्यात मऊ कड तिने दवाने भरलेल्या अळवाच्या पानात बुडवली आणि फुंकर घालत, थेंबाथेंबाने, एकेक पंख पुसू लागली. डावा पंख. मग उजवा. पुसता पुसता खालून निळा रंग उजळला, मग गुलाबी, मग मोरपंखी. जणू साबणाच्या बुडबुड्यावर इंद्रधनुष्य नाचतंय!

पंख थोडे हलले. परी बोटभर वर उठली आणि पुन्हा बसली. "अजून ओले आहेत. पण वाळतील," ती हसली. "मी रिठापरी. तुझ्या डोळ्यांत एवढी घाई आणि हातांत एवढा धीर! काय हवंय तुला, पोरी?"

सोनकीने एका दमात, नावापासून, सगळं सांगितलं.

परीने खाली पडलेले तीन रिठे दाखवले. दोन लहान, सुरकुतलेले. एक टपोरा, सोन्यासारखा. "पहिले दोन तुला वस्तू देणार नाहीत. ते रीत सांगतील. तळहातावर घासून कानाशी धरायचे. तिसरा मात्र एकदाच, जे मागशील ते तिथल्या तिथे देईल."

"मग आधी तिसराच! आईचे हात..."

"तो आधी उघडत नाही. आधीच्या दोन्ही रीती तुमच्या हातांनी पुऱ्या झाल्या पाहिजेत. शिवाय उन्हं माझ्या शेंड्यावर असेपर्यंतच. आणि तीन नियम आहेत. बोटांवर मोज." परीचा आवाज गंभीर झाला. "एक. फळ पडलेलंच उचलायचं, मूळ खणलं तर अर्धं मातीत ठेवायचं. दोन. सुगंधाचा थेंब एकटा अंगाला लावायचा नाही, तो चटका देतो. तेलाच्या सोबतीनेच लावायचा. तीन. फेसाचं पाणी पाण्याला द्यायचं नाही, मातीला द्यायचं. माती ते जिरवते. पाण्याला ते सोसत नाही."

"झाडाचंच तर आहे. त्याने काय होतंय?"

"झाडाची वस्तू दुबळी असते असं वाटलं का तुला?" परी म्हणाली. "नियम मोडलात तर माझे पंख पुन्हा मिटतील, सोनके. आणि या वेळी दवाने उघडणार नाहीत."

सोनकीने तीन बोटं घट्ट मिटली. झाडाखाली पडलेले रिठे ओटीभर वेचले आणि पळाली.

वाटेतच तिने पहिला रिठा घासून कानाशी धरला. आतून बारीक कुजबुज आली: "फोडा, बी काढा, ऊन पाण्यात घाला, रवीने घुसळा, फडक्याने गाळा."

ती अंगणात पोचली तेव्हा उन्हं कातळाला टेकत होती. आई घमेल्यापाशी बसली होती. हात अजून कोरडे होते.

"आई! पावडर नको! परी भेटली, खरी परी! आणि नियम आहेत, ऐक." सोनकीने बोटं पुढे केली. "एक, पडलेलंच उचलायचं. दोन, सुगंधाचा थेंब तेलाशिवाय लावायचा नाही. तीन..."

"ट्यँऽऽऽ!" झोळीतून ठमीने सूर लावला. आई पदर सावरत आत धावली. तेवढ्यात कुंपणापलीकडून भिवराआत्याने हाक मारली, "हौसेऽ, दोरीवर एक फडकंसुद्धा दिसत नाही गं! जत्रा यंदाच आहे ना?" आणि मग घाईच घाई झाली. सोनकीचं तिसरं बोट उघडंच राहिलं. सांगू नंतर, असं तिने ठरवलं.

वरवंट्याने रिठे फुटले. चकचकीत काळ्या बिया टपटप बाजूला पडल्या. चिकट, मधाळ साली ऊन पाण्यात गेल्या. सोनकीने रवी धरली आणि घुसळायला लागली. घर्रर्र, घर्रर्र! पाणी आधी पिवळसर झालं, मग तपकिरी, आणि मग वर फेस आला. मऊ, दाट, हलकाफुलका फेस, जसा दुधावर येतो.

आईने गाळलेलं पहिलं पाणी तांब्याच्या हंड्यात भरून बाजूला ठेवलं. सोनकीने ते पाहिलं. पण तिचा जीव कपड्यांत अडकला होता.

भिवराआत्या कुंपणावरून डोकावली. "हा काय फेस म्हणायचा? माझ्या म्हशीच्या तोंडाला याहून जास्त येतो!"

"म्हशीने कधी लुगडं धुतलंय का, आत्या?" सोनकी फणकारली.

"बघा, बघा कार्टीची जीभ!"

"तुमच्यावरच गेलीय," आई म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. कारण तिचे हात त्या पाण्यात होते आणि जळत नव्हते.

धुणं सोनकीच्या हट्टाने अंगणातच झालं. उरलेलं पाणी तिने स्वतः लिंबाच्या बुंध्याशी ओतलं. दुपारी दोऱ्यांवर लुगडी डुलत होती: अंजिरी, मोरपंखी, हळदीसारखी पिवळी. आत्याने आपलं हिरवं लुगडं उन्हात धरून उलटंपालटं पाहिलं, हुंगलं, आणि काही न बोलता परत वाळत टाकलं. आत्या काही बोलली नाही, म्हणजे केवढं कौतुक!

आता दुसरा रिठा! तो म्हणाला, "भेगांचं औषध: वाळ्याची मुळं, हंडा, वाटी, कढई. मंद जाळ. झाकण उघडू नका."

सोनकीने बांधावरचा वाळा खणला आणि अर्धा मातीतच ठेवला. कपडे उकळायच्या भट्टीवरच्या जुन्या हंड्यात तिने पाणी घातलं, पाण्यात धुतलेली मुळं घातली, मधोमध दगडावर रिकामी वाटी ठेवली. हंड्यावर कढई बसवली आणि फट कणकेने लिंपून टाकली. कढईत गार पाणी ओतलं. खालची वाफ कढईच्या गार बुडाला लागणार, थेंब होणार आणि बुडाच्या टोकावरून नेमका वाटीत पडणार. कढईतलं पाणी कोमट झालं की बदलायचं. एक क्षणही हलायचं नाही. नाहीतर सुगंध उडून जाईल!

ती चुलीपाशी बसून राहिली. गार पाणी घाल, कोमट पाणी काढ. गार घाल, कोमट काढ. उन्हं कातळावरून कलली. परीच्या झाडाचा शेंडा दूर डोंगरावर पिवळाधमक चमकत होता. अजून वेळ होता. पण किती?

झोपडीत हळूहळू वास दरवळू लागला. भिजलेल्या मातीचा, थंडगार सावलीचा. झोळीत ठमी शांत झाली.

आणि मग हंड्याच्या पोटातून आवाज आला.

टप्!

सोनकीच्या ओच्यात काहीतरी गरम झालं. तिसरा रिठा! तो दिव्यासारखा उजळला होता. दोन्ही रीती पुऱ्या झाल्या होत्या. आता फक्त मागायचं. आईचे हात, या क्षणाला, लोण्यासारखे!

"आई! आई गंऽ, ये लवकर!"

सोनकीने दारातून डोकावलं. आत्या एकटीच कपडे उलटत होती.

"आई कुठे गेली?"

"डोहावर की. नव्या पाण्याचा पहिला हंडा आसरांचा, तुमच्या परटांची रीतच नाही का ती? पावडरीचं पाणी कधी वाहिलं नाही बिचारीने. म्हणाली, हे झाडाचं आहे, पवित्र आहे, हे चालेल."

सोनकीने आपल्या हाताकडे पाहिलं. तिसरं बोट.

तिने कढईकडे पाहिलं. पाणी कोमट होत होतं. आता गेलं तर सुगंध जाईल. आईच्या हातांचं औषध जाईल!

ती गेली. "आत्या, ठमीकडे बघा!" एवढंच ओरडली आणि धावली.

ती डोहावर पोचली तेव्हा रिकामा हंडा आईच्या पायाशी होता आणि आई डोळे मिटून हात जोडत होती. पाण्यावर फेसाची पांढरी फुलं तरंगत होती. किती सुंदर दिसत होती ती! आणि त्यांच्या खालून एक रुपेरी मासा वर आला. तो आडवा झाला. पांढरं पोट वर करून तो नुसताच कल्ले हलवत राहिला. मग दुसरा आला. मग दहा. मग साऱ्या डोहावर चांदीच्या पाकळ्या विखुराव्यात, तसे मासेच मासे.

आईने डोळे उघडले आणि ती दचकून मागे सरली, तसा हंडा कलंडला.

"सोने, मी... मी तर झाडाचं म्हणून..."

"तुझी चूक नाही, आई! तिसरा नियम मी सांगितलाच नाही!"

झुडपावरून काहीतरी घरंगळलं. रिठापरी! फांदीफांदीवरून उड्या घेत ती इथवर आली होती. तिचे वाळत आलेले पंख चुरगळून मिटले होते. मधाळ झगा मातकट दिसू लागला होता. "मेले नाहीत ते, सोनके," ती कुजबुजली. "गुंगलेत. त्यांना श्वास घेता येत नाही. थोडा वेळ आहे. अगदी थोडा."

सोनकीने रिठा बाहेर काढला. तो तिच्या मुठीत धगधगत होता. एकच इच्छा. समोर आईचे हात: भेगाळलेले, उद्या पहाटे पुन्हा न उघडणारे. आणि पाण्यावर ओढ्यातले शेवटचे मासे.

तिने आईकडे पाहिलं. "याच्याकडे एकदाच मागता येतं, आई." आईला सगळं कळलं होतं. "माग," आई म्हणाली. "माझे हात अजून उघडतायत."

सोनकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिने रिठा घासला. "या सगळ्यांना जिवंत कर!"

"नियम मोडून झालेलं पुसून टाकता येत नाही मला," परी कळवळून म्हणाली. "जे हाताने झालं ते हातानेच निस्तरायचं. दुसरं माग. लवकर!"

दुसरं काय? सोनकीने इकडेतिकडे पाहिलं. डोहाच्या वर, वीसएक पावलांवर, दगडी कुंड होतं. त्याचा झरा गाळाने केव्हाच बुजला होता आणि कुंड कोरडं ठणठणीत पडलं होतं.

"स्वच्छ पाणी!" ती ओरडली. "त्या कुंडात! आत्ताच्या आत्ता!"

रिठा फुटला. सोनेरी ठिणग्यांची माळ कुंडाकडे सळसळत गेली. गाळ उसळला आणि त्यातून काचेसारखं निळंशार पाणी खळखळून वर आलं. कुंड काठोकाठ भरलं.

"उचल, आई!"

त्या दोघी पाण्यात उतरल्या. ओंजळीत मासे घ्यायचे, वर धावायचं, कुंडात सोडायचे, पुन्हा खाली यायचं. पण ओंजळ लहान आणि मासे किती! परीच्या झाडाचा शेंडा आता तांबूस झाला होता. एक मासा सोनकीच्या हातात कल्ले हलवायचा थांबला. "नाही, नाही, नाही!" तिने त्याला कुंडात धरून पुढेमागे हलवलं. एक श्वास. दोन श्वास. सळ्ळकन तो निसटला!

"अगं, हे काय चाललंय?" काठावर भिवराआत्या उभी होती. पाठीवर ठमी बांधलेली, खांद्यावर वाळलेलं हिरवं लुगडं. "चुलीखालचा जाळ मी ओढलाय बाहेर, घर जळायचं नाहीतर!" मग तिला मासे दिसले. तिचा चेहरा उतरला.

"आत्या, तुमचं लुगडं..." सोनकी धापा टाकत म्हणाली.

आत्याने नव्यासारख्या दिसणाऱ्या लुगड्याकडे पाहिलं. मग एक टोक आईकडे फेकलं. "धर गं हौसे! जत्रेला जुनं नेसेन. देवी काय माझं लुगडं बघायला बसलीय?"

लुगड्याची झोळी झाली. एका खेपेत पन्नास मासे! दुसरी खेप, तिसरी, चौथी. ठमी आत्याच्या पाठीवर हिंदकळत होती आणि त्यात तिला फार मजा वाटत होती. आईच्या भेगांतून रक्त येत होतं, पण तिने एकदाही हात मागे घेतला नाही. शेंड्यावर उन्हाचा एकच तुकडा उरला. शेवटची खेप! लुगडं कुंडात पसरलं, मासे क्षणभर स्थिर राहिले, आणि मग सगळं पाणी एकदम चमचमलं.

डोहावर एकही मासा उरला नव्हता.

आई कुंडाच्या काठावर कोसळली. बोटं आखडत चालली होती. तिने ती गार पाण्यात सोडली आणि डोळे मिटून घेतले.

एक मासा आला. त्याने आईच्या करंगळीला हळूच ओठ लावले. मग दुसरा आला. मग सारे आले! इवलेइवले रुपेरी तोंडांचे मासे आईच्या हातांभोवती जमले आणि कडक झालेली, मेलेली कातडी कणाकणाने टिपू लागले. गुदगुल्या करत, अलगद, जणू ते एकेका बोटाला म्हणत होते, "हं, ऊठ गं बाई!"

आई आधी दचकली. मग हसली. मग हसता हसता रडू लागली. "सोने, बघ! उघडतायत! आपोआप उघडतायत!"

सोनकी घराकडे धावली. चूल विझली होती. तिने कणीक फोडून कढई उचलली. बहुतेक सुगंध उडून गेला होता. वाटीच्या तळाशी घोटभर पाणी आणि त्यावर फक्त एक सोनेरी थेंब. एकच!

तिने वाटी जपून डोहावर आणली. "एकच उरला," ती ओठ काढून म्हणाली.

"तो कुठे एकटा लावायचा आहे?" परी क्षीण हसली. "सोबत दे त्याला."

भिवराआत्याने कमरेची बाटली काढली. "खोबरेल आहे. जत्रेला केसांना लावायचं होतं. घ्या आता!" पळीभर तेलात तो एक थेंब पडला आणि त्या पळीभर तेलाला वाळ्याच्या साऱ्या बनाचा वास आला. सोनकीने ते आईच्या हातांना चोळलं. भेगा मिटल्या नव्हत्या, पण लाल थेंब थांबले होते.

"आता घे," सोनकी म्हणाली.

आईने उघडा हात पुढे केला. घाबरत घाबरत. आत्याच्या पाठीवरच्या ठमीच्या गालावर तिने एक बोट टेकवलं, मग सगळा तळवा. ठमी किंचाळली नाही. तिने आईच्या हातावर गाल घासला आणि जांभई दिली.

"लोणी," आई पुटपुटली. "अगदी लोणी."

त्याच क्षणी शेंड्यावरचा शेवटचा किरण घरंगळून परीवर पडला. तिचे पंख थरथरले. एक सुरकुती सुटली, मग दुसरी, आणि इंद्रधनुष्याच्या सातही रंगांनी ते फट्कन उघडले!

"तुला हवं होतं ते सगळं सोडावं लागलं, सोनके, आणि तू ते विचार करत न बसता सोडलंस," परी वर तरंगत म्हणाली. "वाळा दर वर्षी वाढेल. रिठे दर वर्षी पडतील. रीती आता तुमच्याच आहेत. हा झराही आटणार नाही. फक्त तिसरं बोट विसरू नका."

"तू पुन्हा येशील?"

उत्तराऐवजी ती उजळली. दिव्यासारखी, मग काजव्यांच्या झाडासारखी, मग साऱ्या सांजेसारखी. तिघींनी डोळ्यांवर हात घेतले. हात काढले तेव्हा हवेत मधाच्या रंगाची थोडी धूळ तेवढी तरंगत होती आणि सोनकीच्या ओच्यात परीच्या माळेतले काळेभोर मणी पडले होते, आता वाटाण्याएवढे झालेले. रिठ्याच्या बियाच त्या!

त्यातल्या दोन आईने ठमीच्या मनगटाला बांधल्या. बाकीच्या तिने सोनकीबरोबर अंगणात पेरल्या.

कळकवाडीत आता पावडरीच्या डब्यात भिवराआत्या लसूण ठेवते. झऱ्याचं पाणी कुंडातून ओढ्यात उतरतं आणि ओढ्यात पुन्हा चंदेरी शेपट्या लखलखतात. नव्या पाण्याचा पहिला हंडा अजूनही वाहतात, पण डोहात नाही. तो अंगणातल्या कोवळ्या रिठ्याच्या बुंध्याशी ओततात, आसरांचं नाव घेऊन. आणि रोज पहाटे एका झोपडीत एक आई जागी होते, मूठ उघडते आणि आधी शेजारच्या झोळीत हात घालून पाहते, गाल अजून लोण्यासारखाच आहे ना!